बर्फफोडी जहाजे आणि आपण



वैशाखाचा उन्हाळा, मागे माहीमच्या उपसागराचे कोमट पाणी, आणि बोलायचे ते बर्फ फोडणाऱ्या जहाजांविषयी! आपला बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता, असे कोणी म्हणाले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु हा समज खरा नाही, आणि तो का खरा नाही एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचे नॉर्वेचे जहाज एकवीस भारतीयांना घेऊन दक्षिणेकडे निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्यांचे नेते होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पुणे विद्यापीठाच्या पदवीधर डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी तेथे गेल्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्रिया त्याच. आज 'मैत्री' आणि 'भारती' अशी आपली दोन ठाणी तेथे आहेत. या ठाण्यांचे धान्य, इंधन, यंत्रे हा सारा जड बोजा समुद्रातून जातो, आणि वाटेत बर्फ आडवा येतो.

हा बर्फ जहाज कसे फोडते? सुरीने खरबूज कापावे तसे ते बर्फ कापीत असेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उतरती असते. जहाज बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनाने त्याला खाली दाबून मोडते. थर फार जाड असला तर मागे सरावे, पुन्हा पुढे धडकावे, असा क्रम तासन् तास चालतो. म्हणजे पंखा घटकेत उलटा, घटकेत सुलटा फिरवावा लागतो. गती थोडी आणि जोर मात्र पुरा लागतो. शिवाय मोडलेले बर्फाचे धोंडे पंख्यावर आदळतात ते निराळेच.

येथे डिझेल इंजिनाची अडचण होते. भरलेली लॉरी टॉप गियरमध्ये घाटाला लावली तर काय होते हे आपण पाहिले आहे. इंजिन गुदमरते आणि बंद पडते. यावर तोड अशी निघाली की इंजिनाने पंखा फिरवूच नये. त्याने आपल्या सोयीच्या वेगाने वीज तयार करावी, ती वीज तारांतून मोटारीकडे जावी, आणि पंखा मोटारीने फिरवावा. विजेच्या मोटारीचा गुण असा की जागच्या जागी उभी असतानाही ती भरपूर जोर लावू शकते. दादरला माणसांनी खचाखच भरलेली लोकल गियर न बदलता कशी सुटते, हे आपण रोज पाहतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून हाच गुण मुंबईला वाहून नेत आहे. तोच बर्फात कामी येतो.

स्वीडनचे 'यमर' हे या पद्धतीचे पहिले बर्फफोडे जहाज १९३३ साली कामाला लागले. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये वीज आणली की थोडी शक्ती वाटेत वाया जाते, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच मोकळ्या समुद्रातील बहुतेक मालवाहू जहाजे हा मार्ग घेत नाहीत. परंतु बर्फात अडकून पडण्यापेक्षा तेवढा तोटा परवडतो. रशियाने २०१५-१६ मध्ये बांधून घेतलेल्या 'व्लादिवोस्तोक', 'मुर्मान्स्क' आणि 'नोवोरोसिस्क' या जोडभावंडांचे पंखे तर खालच्या खाली चोहो दिशांना वळतात. सुमारे दीड मीटर जाडीच्या बर्फातून ती वाट काढतात.

आता मुद्द्याची गोष्ट. चाळीस वर्षांहून अधिक काळ आपण अंटार्क्टिकाला जात आहोत, पण ध्रुवप्रदेशासाठी बांधलेले स्वतःचे एकही जहाज आपल्याजवळ नाही. जानेवारी २०२१ मध्ये चाळिसावी मोहीम गोव्याहून निघाली ती 'वासिली गोलोवनिन' या भाड्याच्या रशियन जहाजावरून. तेही डिझेल-विजेवरच चालणारे. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही; गिरगाव-परळच्या चाळींत कित्येकांचे आयुष्य तसेच सरले. पण घर कोणाच्या सोयीने चालते, हे भाडेकरूला ठाऊक असते! अंटार्क्टिकाचा उन्हाळा थोड्या महिन्यांचा. तेवढ्यात जहाज मिळाले नाही, तर वर्ष हातचे गेले.

२०१४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा जहाजासाठी सुमारे १,०५१ कोटी रुपये मंजूर केले होते. जहाज काही आले नाही. जून २०२५ मध्ये कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी ध्रुवीय संशोधन-जहाजाविषयी सामंजस्य करार केला. करार झाला ही आनंदाची गोष्ट खरी, पण साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे.

एवढा पैसा बर्फात कशाला घालावा, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारण्याचा करदात्याला पूर्ण अधिकार आहे. माझे उत्तर असे. अंटार्क्टिकावरील सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर चढतील. असे उद्या होणार नाही, शतकातही होणार नाही. परंतु त्यातला लहानसा अंश वितळला तरी शिवाजी पार्कामागच्या किनाऱ्याला ते जाणवेल. भर घालून सांधलेल्या सात बेटांवर राहणाऱ्या आपणांस तो बर्फ परका कसा म्हणता येईल? त्याची मोजदाद दुसऱ्यांच्या सोयीवर सोडून चालणार नाही.

माझगावच्या गोदीत पाणबुड्या आणि विनाशिका बांधणारे हात या शहरातच आहेत. तेव्हा कसबाची उणीव आहे असे मला वाटत नाही. ठरवलेले काम तडीस नेण्याची चिकाटी मात्र हवी, आणि ती मागण्याचे काम आपले, नागरिकांचे आहे.