मेडिकलमधून गप्प परतू नका
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



बचत-कर्जाचं नंतर बोलू, आधी मेडिकलचं. एसटीने तालुक्याला जायचं, दवाखान्यात नंबर लावायचा, आणि शेवटी मेडिकलवाला मान वर न करता गोळ्या पिशवीत टाकतो. ‘कशा घ्यायच्या?’ विचारलं की ‘चिठ्ठीवर लिहिलंय.’ बिल मागितलं की ‘बिल कशाला?’ मागे रांग, एसटी चुकायची भीती. बाई गप्प निघते.

हे गप्प राहणं महागात पडतं. आपल्या एका मावशींकडे बीपीच्या दोन नावांच्या पट्ट्या होत्या. आत औषध एकच! कंपनी बदलली, हे दुकानात कुणी सांगितलंच नाही. मावशी दोन्ही घ्यायच्या, सारखी चक्कर यायची.

म्हणून चार गोष्टी करा.

१. बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.
२. पट्टीचं नाव बदललेलं दिसलं तर विचारा, ‘औषध तेच का? जुनी पट्टी बंद करायची का?’
३. सुट्या गोळ्या घेतल्या तर मुदतीची तारीख बिलावर बघून घ्या.
४. वाचता येत नसेल तर पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून मागा.

दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आपण रोख पैसे मोजतो, उपकार मागत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या औषधांची पिशवी आणि बिल आणायचं. एकत्र बसून बघू.