शेजारधर्म आणि प्रार्थना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



त्रास देणाऱ्या शेजाऱ्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने ठरविले आहे. मी काही पंडित नव्हे, की उपदेशकही नव्हे. पण हा विषय पोथीतला नाही, तो आपल्या उंबरठ्यापाशीच आहे. आज आपल्या आमंत्रणाला मान देऊन इतर धर्मांच्या भगिनीही आल्या आहेत. शेजारी त्यांनाही आहेतच. तेव्हा माझे बोलणे त्यांना परके वाटू नये.

सोयरीक जुळवायची तर आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. शेजाऱ्याची चौकशी कोणी करीत नाही. तो जमिनीबरोबर येतो, भिंतीबरोबर येतो, आणि पुष्कळदा जन्मभर राहतो. प्रभू येशूने शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करायला सांगितले, तेव्हा 'चांगल्या शेजाऱ्यावर' असे काही म्हटले नाही. उलट, वैऱ्यावरही प्रीती करा आणि छळ करणाऱ्यासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. ऐकायला हे गोड वाटते. पण सकाळी दारात सांडपाणी आले की तेच वचन फार जड जाते.

आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात शेजाऱ्यांची बहुतेक भांडणे तीन गोष्टींवरून होतात : बांध, वाट आणि पाणी. कुकडी आणि घोड या नद्यांवर धरणे झाली, डिंभ्याला धरण झाले, माणिकडोहला झाले. पाटाला पाणी आले, ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आली. पाणी आले तशी पाण्याची भांडणेही आली. म्हणून पाण्याचीच एक गोष्ट पवित्र शास्त्रातून सांगते.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात इसहाकाची हकिगत आहे. त्याच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी मत्सराने मातीने बुजविल्या. इसहाकाने गराराच्या खोऱ्यात नवी विहीर खणली. तेथले गुराखी पाणी आमचे म्हणून भांडले. त्याने तिचे नाव 'एसेक', म्हणजे तंटा, ठेवले आणि दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले; तिचे नाव 'सितना', म्हणजे वैर. मग तो पुढे गेला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिचे नाव 'रहोबोथ', म्हणजे मोकळी जागा. पुढे ज्या राजाने त्याला आपल्या मुलखातून घालविले होते तोच समेट करायला आला. इसहाकाने त्याला जेवू घातले, दुसऱ्या दिवशी पहाटे आणभाका झाल्या, आणि त्याच दिवशी चाकरांनी पाणी लागल्याची बातमी आणली.

या गोष्टीत मला एक विशेष वाटते. इसहाकाने भांडणाला भांडण म्हटले, वैराला वैर म्हटले. काही झालेच नाही असे सोंग आणले नाही. पण त्याने आपले कुदळ-फावडे गुराख्यांच्या डोक्यात घातले नाही, ते जमिनीत घातले.

आपल्याच पुणे जिल्ह्यात असे एका बाईने करून दाखविले आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. 1893 साली मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम सोडले नाही. त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी विधवा आणि मुली शेकड्यांनी त्यांनी तेथे आणल्या. त्या मुक्ती सदनाचे काम 1922 साली त्यांचे निधन झाल्यावरही चालू राहिले. टीका करणाऱ्यांना उत्तर देत बसल्या असत्या तर विहिरी कोणी खणल्या असत्या?

तुम्ही म्हणाल, त्या मोठ्या बाई होत्या. आमच्यासारखीने काय करावे? म्हणून घरची हकिगत सांगते. आमची विहीर शेजाऱ्यांशी सामाईक आहे, पाणी पाळीने घ्यायचे. शेजारीण तोंडाची फार तिखट. आमची पाळी असली की तिची मोटार चालू राही. आमच्या वहिवाटीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या येऊन पडत. आमच्या धर्मावरूनही ती टोचून बोले. घरात पुरुषमाणसांचे रक्त तापे. आम्ही दोघांनी ठरविले की रात्रीच्या प्रार्थनेत तिचे नाव घ्यायचे. 'शेजाऱ्यांना सद्बुद्धी दे' अशी मोघम प्रार्थना नव्हे. ती खरी पाहता तक्रारच असते. तिचे नाव घेऊन तिच्यासाठी काहीतरी मागायचे.

पण मागायचे काय? ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची गरज ठाऊक हवी. म्हणून मी तिच्या घराकडे पाहू लागले. तिचा नवरा मुंबईला डबेवाला. आपल्या भागातली किती माणसे मुंबईत डबे पोहोचवितात हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो यात्रेला आणि सुगीला येणार. मागे अंथरुणाला खिळलेली सासू, दोन लेकरे, एक म्हैस आणि वाटणीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद. एकट्या बाईने तोंड मऊ ठेवले तर चहूकडून बांध कोरला जातो, हे शेतकऱ्याच्या बायकोला सांगायला नको. तेव्हापासून आमच्या प्रार्थनेत तिच्या सासूचे दुखणे आले, म्हैस गाभण राहिली की नाही हे आले. ज्या माणसाच्या म्हशीसाठी आपण देवाजवळ मागतो त्याचा द्वेष करणे कठीण जाते. प्रार्थनेचे पहिले फळ हे आहे, आणि ते आपल्याच अंगणात पडते.

प्रार्थना केली म्हणून आम्ही पाणी सोडून दिले नाही. आमच्या यजमानांनी प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढे ठेवले. ही मोहीम सरकारने 2007 साली सुरू केली. घरगुती आणि शेतीचे तंटे कोर्टात न जाता गावातच मिटावेत हा तिचा हेतू. तेथे पाळीचे दिवस आणि तास कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या झाल्या. न्याय मागणे हे प्रीतीच्या विरुद्ध नाही. लिखित पाळी तिच्याही हिताची होती, कारण तिच्या भाऊबंदांनाही ती मान्य करावी लागली.

त्या वर्षी शेतीची लाईट रात्रीची असे. विहिरीला लागून ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नर तालुक्यात हे भय कोणाला समजावून द्यायला नको. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे. एका रात्री तिची पाळी होती. तिचा तेरा वर्षांचा मुलगा एकटाच बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघालेला आम्हाला दिसला. यजमानांनी हाक मारून त्याला थांबविले. काठी आणि बॅटरी घेऊन आम्ही दोघे त्याच्याबरोबर गेलो, ताट वाजवीत, मोठ्याने बोलत. मोटार चालू झाली, दारे धरून झाली, मुलगा घरी पोहोचला. दाराशी ती उभी होती. मी म्हटले, "ताई, पाळी कोणाचीही असो, रात्री विहिरीवर दोन्ही घरांनी मिळून जायचे." ती एवढेच म्हणाली, "बरं वहिनी." आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. चार दिवसांनी पाहिले तर वाटेवरच्या काट्या नव्हत्या.

मैत्रिणींनो, या गोष्टीला मी चमत्काराचा रंग देत नाही. आजही पाळी पाच मिनिटांनी चुकली तर तिचा आवाज वेशीपर्यंत जातो. पण नाताळात आमच्या करंज्या तिच्याकडे जातात, दिवाळीत तिच्या आमच्याकडे येतात, आणि रात्री विहिरीवर कोणी एकटे जात नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते दर वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. क्षमेची ही वाट या मातीला नवीन नाही.

मात्र एक स्पष्ट सांगते. कोठे मारहाण होत असेल, लेकीसुनेच्या अब्रूवर कोणी येत असेल, तर तेथे नुसते सोसणे म्हणजे क्षमा नव्हे. तेथे प्रार्थनाही करावी आणि पोलिसांकडेही जावे. प्रार्थना आपल्याला द्वेषापासून राखते. अन्यायाला दार उघडून देत नाही.

आंबेगाव तालुक्यातले माळीण तुम्ही विसरला नसाल. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचला आणि गावाचा बराचसा भाग मातीखाली गेला. दीडशेवर माणसे गेली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा बातमी बाहेर कळली. कोणाची भिंत कोठे होती, कोणाचा बांध कोठे होता, हे सांगायला काही राहिले नाही. आपण ज्या हातभर जागेसाठी पिढ्यान् पिढ्या अबोला धरतो तिचा भरवसा इतकाच आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या शेजारच्या घरातल्या माणसांची नावे मनात आणावीत आणि त्यांतल्या सर्वांत अवघड माणसाला कशाची गरज आहे याचा विचार करावा. ख्रिस्ती भगिनींनी ते प्रभूजवळ मागावे. इतर भगिनींनी आपापल्या देवाजवळ मागावे. आणि मागितलेल्यातले जे आपल्या हाताने देता येण्याजोगे असेल, ते देवाची वाट न पाहता आपणच नेऊन द्यावे.