शस्त्रक्रियेनंतर आतडी का चिकटतात?

पोटाच्या शस्त्रक्रियेचे टाके निघाले आणि वरची जखम भरून आली की दुखणे संपले, अशी बहुतेक रुग्णांची समजूत असते. परंतु त्याच काळात पोटाच्या आतही एक जखम भरत असते आणि तिचे व्रण कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. या व्रणांमुळे आतड्याचे वेढे एकमेकांना, पोटाच्या भिंतीला किंवा गर्भाशयाला चिकटतात. वैद्यकात अशा बंधांना अ‍ॅडहिजन म्हणतात.

उदरपोकळीला आतून आणि तिच्यातील बहुतेक अवयवांना बाहेरून पेरिटोनियम नावाचे पातळ, ओलसर अस्तर असते व त्याच्या पृष्ठभागावरील पेशींच्या एकेरी थरामुळे आतडी परस्परांवरून सहज सरकतात. चिरल्याने, हाताळल्याने, कोरडा पडल्याने किंवा जंतुसंसर्गाने हा नाजूक थर दुखावला, म्हणजे तेथे द्रव पाझरतो आणि त्यातून काही तासांतच फायब्रिन या प्रथिनाचे चिकट जाळे तयार होते. प्लाझ्मिन नावाचे विकर हे जाळे वेळेत विरघळवू शकले, तर साधारण आठवडाभरात अस्तर पूर्ववत होते; परंतु इजेमुळे आणि रक्तपुरवठा घटल्यामुळे प्लाझ्मिनचे काम मंदावले, तर उरलेल्या जाळ्यात तंतुजनक पेशी शिरतात, कोलॅजन साठवतात आणि पुढे त्यात रक्तवाहिन्याही वाढून कायमचा पट्टा बनतो. म्हणजे तो सहसा शस्त्रक्रियेतील चुकीचा पुरावा नसून, शरीराने सुरू केलेल्या दुरुस्तीचा न विरघळलेला अवशेष असतो.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर असे पट्टे बहुसंख्य रुग्णांत आढळतात, आणि त्यांतील अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. काहींना मात्र अनेक वर्षांनीही आतड्याचा मार्ग अडतो, काही स्त्रियांत बीजवाहिन्या अडकून वंध्यत्व येते, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास ती अवघड होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली; त्यानंतर रूढ झालेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत आतडी कमी हाताळली जात असल्याने पट्टे कमी होतात, पण पूर्णपणे टळत नाहीत.

म्हणून पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला कळा येऊन वारंवार उलट्या होऊ लागल्या, पोट फुगले आणि शौच व वायू सरणे बंद झाले, तर घरगुती उपाय किंवा रेचक देत न बसता लगेच रुग्णालय गाठावे. विशेषतः नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर अशा तालुक्यांतील दूरच्या गावांतून नाशिकला पोहोचण्यास वेळ लागतो, आणि पीळ पडून आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यास विलंब जिवावर बेततो. प्रत्येक घराने शस्त्रक्रियेचे कागद, मग ते वीस वर्षांपूर्वीचे का असेनात, जपून ठेवावेत आणि पोट दुखत असल्यास डॉक्टरांना ती शस्त्रक्रिया आधी सांगावी.