ओढीच्या पिकअप गाडीचे हिसके : कारणे आणि उपाय



बडोदे शहराच्या वायव्येस असलेले कोयली हे गाव तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे देशभर ओळखले जाते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९६५ साली उत्पादन सुरू झाले आणि परिसरात जड वाहनांची वर्दळ वाढली. ओढीच्या वाहतुकीशी मात्र या मुलखाचा परिचय त्याहून जुना आहे. गायकवाडी राज्यात १८६२ साली डभोई ते मियागाम हा छोटा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत. कारण हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलवत नसे. ओढण्याची शक्ती आणि भार पेलण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील बोध पिकअप गाडीलाही लागू पडतो.

पिकअपच्या मागील धुऱ्यावरचे पाटे भरल्या गाडीसाठी ताठ केलेले असतात. गाडी रिकामी असता ते पुरेसे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट आसनापर्यंत पोहोचतो. मागे ट्रेलर जोडला की त्याच्या दांड्याचा भार धुऱ्याच्या मागे पडतो. मग गाडीची पाठ खचते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड कमी होते. म्हणून हिसके हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. चालकाच्या पाठीचा, मालाचा आणि समोरून येणाऱ्या वाटसरूच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ट्रेलरमधील जड माल धुऱ्यावर व किंचित पुढे, शक्य तितका खाली ठेवून घट्ट बांधावा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे १,००० किलोच्या ट्रेलरचा १०० ते १५० किलो. परंतु गाडीच्या निर्मात्याने ठरविलेली मर्यादा कधीही ओलांडू नये. भार फार मागे गेला तर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो.

दुसरा उपाय हवेचा. टायर थंड असताना हवा मोजावी आणि रिकाम्या व भरल्या गाडीसाठी निर्मात्याने सांगितलेला दाब ठेवावा. आसन मऊ लागावे म्हणून ओढीच्या वेळी हवा कमी करणे धोक्याचे आहे. त्याने टायर तापून फुटू शकतो.

तिसरा उपाय तपासणीचा. पाट्यांमध्ये गंज चढला, बुश झिजले किंवा यू-बोल्ट सैल झाले तर धक्के वाढतात. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असेल तर एका धुऱ्यावरील दोन्ही एकदम बदलावेत. जोडाची पिन झिजून ढिली झाली असेल तर गाडी थांबता-सुटताना पुढे-मागे हिसके बसतात. अशी पिन बदलावी आणि सुरक्षा-साखळी अवश्य लावावी.

अनेक जण जादा पाटा बसवून घेतात. त्याने भरल्या गाडीची पाठ सावरते, पण रिकामी गाडी अधिकच आदळते, आणि गाडीची भार वाहण्याची अधिकृत मर्यादा मुळीच वाढत नाही. भार आल्यावरच टेकणारा साहाय्यक पाटा त्यापेक्षा बरा. तोही निर्मात्याच्या सल्ल्यानेच बसवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनाच्या रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. ट्रेलरही त्या कायद्याच्या व्याख्येत वाहनच आहे, याचे भान ठेवावे.

शेवटचा उपाय चालकाच्या पायाखाली आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ट्रेलर डोलू लागल्यास सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा. जोराने ब्रेक दाबू नये. ट्रेलरमध्ये माणसे, विशेषतः शाळेची मुले, कदापि बसवू नयेत.

शिक्षकांनी हे मुलांना तरफेच्या पाठातून समजावून द्यावे, ग्रामपंचायतींनी खड्डे वेळीच बुजवावेत आणि चालकांनी निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. एवढे झाले तरी माल शाबूत राहील आणि माणूस सुखरूप घरी पोहोचेल.