फळ्यावरचं वाक्य कोणाचं?



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल कार्यकारिणीचा आभारी आहे. ऐन परीक्षांच्या धामधुमीत यजमान महाविद्यालयाने एवढी व्यवस्था केली, त्यांचेही आभार. अध्यक्षाने आपल्या विषयाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. आढावा मी लिहिला आहे, तो स्मरणिकेत छापलाही आहे, सवडीने वाचा. इथला वेळ मी एकाच तक्रारीवर घालवणार आहे. ती पोटात ठेवून निवृत्त व्हायची माझी तयारी नाही.

बी.ए.च्या वर्गात आपण वर्णनात्मक इंग्रजी व्याकरण शिकवतो, असं अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. आपण ते शिकवत नाही. कुठल्याही इंग्रजी विभागाचं जूनमधलं वेळापत्रक काढून बघा. शेक्सपिअर विभागप्रमुखांकडे, समीक्षा त्यांच्या खालोखालच्या ज्येष्ठांकडे. आणि व्याकरणाचा पेपर? तासिका तत्त्वावर कालपरवा रुजू झालेल्या पोराकडे. मानधन कधी हातात पडेल याची त्याला खात्री नसते. तो गाइड उघडतो, वृक्षाकृती फळ्यावर काढतो, मुलं त्या उतरवून घेतात आणि चक्क पाठ करतात. परीक्षेतली वाक्यं ठरलेली, अपेक्षित प्रश्नसंचात सोडवून दिलेली. मी तपासलेल्या एका उत्तरपत्रिकेत आकृती अगदी बिनचूक होती. फक्त ती प्रश्नातल्या वाक्याची नव्हती.

ज्यांची नावं आपण पहिल्या तासाला घेतो, त्यांनी काय केलं होतं ते आठवा. रॉबर्ट लाउथने १७६२ मध्ये इंग्रजांना त्यांच्याच भाषेतल्या चुका दाखवल्या आणि तीच छडी रेन आणि मार्टिन यांच्या हातून आपल्या शाळांपर्यंत आली. ती खाली ठेवायची, तर आधी लोक काय बोलतात ते ऐकायला हवं होतं. चार्ल्स फ्राइजने अमेरिकेत टेलिफोनवरची संभाषणं ध्वनिमुद्रित करून त्यांच्या आधारे १९५२ मध्ये पुस्तक लिहिलं. रँडॉल्फ क्वर्कने १९५९ मध्ये इंग्रजीच्या वापराचं सर्वेक्षण सुरू केलं: पाच-पाच हजार शब्दांचे दोनशे नमुने, निम्मे बोललेले, निम्मे लिहिलेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्या कागदी चिठ्ठ्यांनी कपाटं भरली. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५चं जाडजूड व्याकरण त्या कपाटांच्या जोरावर उभं आहे. लीच, डॉयकर आणि होगनराड यांचं १९८२चं छोटं पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी शिकवलं, तेही याच परंपरेतलं. आपण काय घेतलं? संज्ञा घेतल्या, आकृत्या घेतल्या. ऐकणं आणि मोजणं तेवढं विलायतेला राहिलं.

'आपल्याकडे साधनं कुठे आहेत?' असं कोणी विचारू नये म्हणून कोल्हापूरचं नाव घेतो. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा संग्रह उभारला. १९७८ साली भारतात छापलेल्या मजकुरातले पाचशे नमुने, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे. एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाचा साचा समोर ठेवला, पण माणसं, वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, कथा सगळं इथलं. कॉलेजांना संगणक अजून ऐकूनच ठाऊक होता, तेव्हाचं हे काम. नॉर्वेतल्या बर्गेनहून तो संग्रह जगभर गेला, त्यावर परदेशी अभ्यासकांनी निबंध लिहिले. आता या सभागृहातल्या किती जणांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यातलं एक तरी वाक्य दाखवलं आहे? हात वर करू नका, संकोच वाटेल.

सकाळच्या सत्रात एका तरुण सहकाऱ्याने विचारलं की, सगळंच वर्णन करायचं तर मग चूक काही उरतच नाही का? हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो. एकदा तो विचारणाऱ्या मुलालाच मी कामाला लावलं. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' या धाटणीची वाक्यं जिथे दिसतील, ऐकू येतील तिथून वहीत उतरव आणि शेजारी कोण, कुणाशी, कुठे बोललं ते लिही, म्हटलं. महिन्याभराने वही घेऊन आला. बँकेच्या काउंटरवर सापडलं, मोबाइलच्या दुकानात सापडलं, आमच्या स्टाफरूममध्ये तर मुबलक. इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखात एकदाही नाही. नोकरीच्या अर्जात काय लिहायचं हे मग मला सांगावं लागलं नाही. रेन आणि मार्टिन यांनी दहा वर्षांत त्याच्या गळी न उतरवलेली गोष्ट त्याला त्या वहीने महिन्यात कळली.

दुसरा वाद वर्गात मराठी बोलावं की नाही याचा. त्यावर ठराव, प्रतिठराव, उपोद्घात सगळं झालं आहे. मी एवढंच सांगतो. इंग्रजीला वेगळा भविष्यकाळ नाही, 'विल' हे 'मे', 'मस्ट' यांच्याच पंगतीतलं सहायक क्रियापद आहे, हे मी कित्येक वर्षं इंग्रजीतून सांगत होतो आणि मुलं माना डोलवत होती. एके दिवशी दारावर टकटक झाली. 'कोण असेल?' मी विचारलं. 'शिपाईमामा असतील,' मागच्या बाकावरून उत्तर आलं. असतील! मामा तर आत्ता, या क्षणी दाराबाहेर उभे होते. मग रूप भविष्यातलं कसं? वर्ग विचारात पडला. 'दॅट विल बी द प्यून' हे वाक्य मग मला समजावून द्यावं लागलं नाही. 'विल' अंदाज बांधतो आहे, काळ दाखवत नाही, हे एका मुलीनेच सांगितलं, तेही मराठीत. तिचे गुण कापायचे का?

आणि वाक्यं पुस्तकातलीच कशाला हवीत? आमच्या ग्रंथालयाबाहेर सूचना लागली होती: 'स्टुडंट्स विदाउट आयडेंटिटी कार्ड्स फाउंड इन द लायब्ररी विल बी फाइन्ड'. लायब्ररीत सापडायचं कोणी, मुलांनी की ओळखपत्रांनी? वर्गात दोन तट पडले. 'फाउंड इन द लायब्ररी' हा तुकडा नक्की कोणाला जोडायचा, यावर अर्धा तास भांडण झालं. दोन अर्थांच्या दोन आकृत्या मुलांनीच काढल्या आणि त्या पाठ करायची गरज कोणालाच पडली नाही. ग्रंथपाल माझ्यावर काही दिवस नाराज होते, ते वेगळं.

एका अभ्यासमंडळात मी सुचवलं होतं की, वीस गुण अशा संकलनाला द्या. विद्यार्थ्याने आपल्या गावातली, बाजारातली, मोबाइलवरची इंग्रजी वाक्यं जमवावीत आणि त्यांचं वर्णन करावं. 'तपासायचं कोणी?' एवढा एकच प्रश्न आला आणि चहा आला. आता क्रेडिटं आली, श्रेणी आल्या, पेपरांची नावं दर दोन वर्षांनी बदलतात. फळ्यावरचं वाक्य बदलत नाही.

पुढचं काम काय, तर प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका महाविद्यालयाने असा संग्रह सुरू करावा, बोललेल्या इंग्रजीचाही. कसा, किती, कोणत्या पैशाने, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. माझ्याकडे आराखडा नाही. व्याकरणाचा पेपर विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाने घ्यावा, असा ठराव मात्र मी दुपारच्या सर्वसाधारण सभेत मांडतो आहे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. पहिल्या रांगेत इतके विभागप्रमुख बसले आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी एकेकाकडे येणार आहे.