वाटणी होते शेतात, अडते कागदात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता घरातल्या भावांवर बोलायचे आहे. हा विषय काढला की माणसे खाली बघतात. पण आपल्यापैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर आजही आठ-दहा नावे सामाईक आहेत, हे ज्याचे त्याने मनात मोजावे.

आमच्याच घरचे सांगतो. वडील गेले, आम्ही तिघा भावांनी दोरी टाकून शेत वाटून घेतले, धुऱ्यावर दगड रोवले. बारा वर्षे ज्याने त्याने आपापले वाहिले. भांडण नाही, तंटा नाही, म्हणून कागदही नाही. मग मधला भाऊ गेला. वहिनी पीककर्ज मागायला गेल्या, तर त्यांना विचारले गेले की यात तुमचा तुकडा कोणता, आणि बाकीच्यांची संमती कुठे आहे? थोरला थकबाकीत होता, त्याचा बोजा सगळ्या गटावर चढलेला. वहिनींनी दोन हंगाम सावकाराच्या पैशावर पऱ्हाटी लावली. पाऊस बरा होता, बोंडेही बरी लागली, पण व्याज फेडून हाती काय राहिले ते आम्हाला सांगवत नाही. यात सरकारचा दोष थोडा, आमचा जास्त.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की दोरीची वाटणी घरापुरती खरी असते. सरकार दप्तरी ती करायचे दोन मार्ग आहेत. एक, दुय्यम निबंधकाकडे वाटणीपत्राचा दस्त नोंदवणे. शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक नाममात्र लागतो, आणि २०२५ साली मंत्रिमंडळाने अशा दस्ताची नोंदणी फीसुद्धा माफ करायचे ठरवले. दुसरा, जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज. आपल्यासारख्यांना हा दुसरा सोयीचा. अर्जाला सातबारा, आठ-अ, वडिलांपासूनचे फेरफार, सगळ्या सहहिस्सेदारांची नावे-पत्ते, आणि कोणाला कोणती बाजू जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडायचा. तहसीलदार सगळ्यांना नोटीस काढतो, जबाब घेतो. सगळ्यांची संमती असली तर आदेश होतो, मग तलाठी फेरफार धरतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. फेरफार चुकला तर प्रांताकडे अपील आहे, मुदत साठ दिवसांची. बोजा असेल तर तो वाटणीने जात नाही. कोणाच्या हिश्श्यावर किती, हे बँकेला किंवा सोसायटीला विचारून आधीच लिहून घ्या.

एकाने जरी मालकीचीच हरकत घेतली, म्हणजे 'याचा हक्कच नाही' असे म्हटले, तर तहसीलदाराचे हात बांधले जातात. मग दिवाणी कोर्ट. तिथे हुकूमनामा झाल्यावर प्रत्यक्ष वाटप करायला प्रकरण परत महसूल खात्याकडेच येते. मधे किती पेरण्या गेल्या ते मोजायचे नाही. म्हणून घरात बोलणे चालू आहे तोवर अर्ज द्या.

दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. कायदा १९४७ चा. ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असे वाटप करता येत नाही. हे प्रमाणभूत क्षेत्र पूर्वी जागोजाग वेगळे होते. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले. आता एक एकर कोरडवाहू आणि वारस तीन, तर वाट्याला तेरा-तेरा गुंठे येतात. हे वाटप होणार नाही. कायदा म्हणतो, जमीन तुकडा न पाडता द्या आणि ज्याला मिळत नाही त्याला मोबदला द्या. ऐकायला ठीक आहे, पण कोरडवाहू घरात मोबदल्याची रोकड कोणाजवळ असते? म्हणून नावे सामाईक राहतात, आणि पुढच्या पिढीत तीनाची नऊ होतात. तुकडा पडू नये म्हणून केलेल्या कायद्याने शेतात तुकडे पडायचे थांबले नाहीत, ते फक्त दप्तरात दिसेनासे झाले, असे आमचे मत आहे.

आता नकाशाचे, कारण इथे माणसे घाई करतात. समजा शेत दोनशे मीटर लांब, शंभर मीटर रुंद, सुमारे पाच एकर, उतार लांबीच्या बाजूने, वाट खालच्या अंगाला. चौघे भाऊ. सगळ्यांना वाट मिळावी म्हणून उभ्या चार पट्ट्या पाडतात, पंचवीस मीटरच्या. तीन नवे धुरे, प्रत्येकी दोनशे मीटर. मीटरभर रुंदीचा धुरा धरला तरी सहा गुंठे पिकातून गेले. त्याहून वाईट हे, की पंचवीस मीटरात आडवी तिफण कोण चालवणार? जो तो उताराने वखर धरतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात माती नाल्यात. आडव्या पट्ट्या पाडल्या तर धुऱ्यात तीनच गुंठे जातात. वरच्या तिघांसाठी दीडशे मीटर लांब, तीन मीटर रुंद वाट सोडावी लागते, म्हणजे साडेचार गुंठे. दीड गुंठा जास्त गेला, पण पाणी धुऱ्याला अडते, ज्वारीला ओल राहते. मात्र ती वाट नकाशात आणि आदेशात लिहून घ्या. 'भाऊ काय वाट अडवणार आहे का?' असे म्हणणारे पुढे मामलेदार कोर्ट कायद्याचा, कलम पाचचा अर्ज घेऊन फिरताना आम्ही पाहिले आहेत. विहिरीची पाळी, मोटारीचे बिल कोण भरणार आणि धुऱ्यावरचे झाड कोणाचे, हेही त्याच कागदात यावे. मोजणी भूमी अभिलेखाकडून करून पोटहिस्सा पाडून घ्या, नाहीतर सातबारा वेगळा होतो आणि जमिनीवरची हद्द तशीच वादात राहते.

शेवटी बहिणींचे. आम्ही सहीला गेलो तेव्हा बहीण म्हणाली, "दोरी टाकली तेव्हा मी आठवले नाही. आता सही पाहिजे तर आठवले." आमच्याजवळ उत्तर नव्हते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. आणि 'आमची वाटणी तोंडी आधीच झाली होती' ही सबब सहसा ऐकली जाणार नाही, मागे सरकारी कागद असेल तरच. बहिणीला राखी-पौर्णिमेला बोलावून हक्कसोडावर अंगठा घेणारे भाऊ या मंडपातही असतील. तिने खुशीने सोडला तर तिची मर्जी. न विचारता केलेली वाटणी मात्र कधीही उलटू शकते. आमच्या बहिणीने सही दिली, हिस्सा सोडला नाही. तिची पट्टी आज वहिनी ठोक्याने करतात, आणि दोघींचे जमते.

ज्यांचे सातबारे सामाईक आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला चालू उतारा, आठ-अ आणि जुने फेरफार घेऊन यावे. अर्ज आपण इथेच बसून लिहू. शक्य असेल तर भावाला सोबत आणा, आणि बहिणीला आधी निरोप द्या.