हातची विद्या वाटावी



मुंबईच्या डॉ. शंकर आबाजी भिसे यांनी मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्राची योजना पाठवून १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. तरी विद्या स्वतःपुरती न ठेवता, ती मराठीत सर्वांस मिळावी म्हणून त्यांनी ‘विविध कलाप्रकाश’ काढले.

येथे टिटवाळ्यात रेल्वेतून व कारखान्यांतून निवृत्त झालेले आपले बंधू आहेत. त्यांचे कसब त्यांच्याबरोबरच लोपेल, ही आम्हांस चिंता वाटते. संगणक लीलया जोडणाऱ्या आपल्या मुलास शेगड्यात पट्टी धरून कानस चालविता येत नाही. वडीलधाऱ्यांस संगणक उमगत नाही. मंडळाने दर रविवारी या दोघांकरिता एक खोली मोकळी ठेवावी. जाणत्याने लपवू नये, नेणत्याने विचारण्यास लाजू नये, एवढीच आमची विनंती आहे.